डोंगेवाला काहून बोलत नाही

पवनीच्या आमच्या मोहल्ल्यात पहिला टीव्ही आमच्याकडे आला आणि त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. आमचे हे, आनंदराव, एस.टी.त कंडक्टर. त्यांनी तो भंडाऱ्याहून आपल्याच गाडीत, खिडकीजवळच्या सीटवर बसवून आणला. त्यापायी एका म्हाताऱ्याला अड्याळपर्यंत उभं राहावं लागलं, आणि उतरताना तो टीव्हीला एक वाईट शिवी देऊन गेला. मला वाटतं ती शिवीच लागली. नाहीतर दर रविवारी दुपारी माझ्या घरात एवढ्या बायका घुसल्या नसत्या.

आणि घुसायच्या त्या हात हलवत नाही, सूप घेऊन. आमच्याकडे घरोघरी बिड्या वळायचं काम. मांडीवर सूप, सुपात तेंदूचा पत्ता, म्हणजे भिजवलेली पानं, तंबाखूची ढिगली, कैची आणि लाल दोऱ्याची रीळ. डोळे टीव्हीकडे आणि बोटं सुपात. दोन्ही कामं एका वेळी होतात, मग घरी बसून कशाला वळायच्या? मी बिड्या वळत नव्हते, शिवणकाम करत होते, आणि तंबाखूच्या वासानं मला पहिल्यापासून शिंका येतात. तेव्हा रविवारी बायका टीव्ही पाहायच्या आणि मी शिंकत शिंकत चहा करायची. कोणी बोलावलं होतं यांना? कोणीच नाही. पण मालनबाई एकदा भिंतीला पाठ टेकून बसली, की तिला ऊठ म्हणणारा माणूस पवनीत नव्हता.

मालनबाई पन्नाशीची, उंच, वाळकी. पुढचा एक दात पडलेला, पण त्यानं बोलणं काही अडलं नव्हतं. टीव्हीवर कोणी दिसलं की हिचं मत तयार. बातम्या सांगणारी बाई आली की, "हिचा नवरा हिले जेवू घालत नाही का वो? गळ्याची हाडं पाह्य." शेतीचा कार्यक्रम लागला की, "या साहेबानं कधी चिखलात पाय टाकला नाही." आणि प्रेमाची गोष्ट लागली की मग विचारायलाच नको. हिंदी सिनेमातली प्रेमं तिला बिलकुल पटत नसत. "भर दुपारी झाडाभोवती पळून राहिले! यायले कामधंदा नाही का? पोरीच्या बापाचं वावर कोण पाह्यते?" हिनं स्वतःचा नवरा पाहिला तो गळ्यात हार पडल्यावर, आणि तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती. पण प्रेमातलं आपल्याला सगळं कळतं, याबद्दल तिला शंका नव्हती. आम्हालाही नव्हती. ती म्हणायची, "हा हिले सोडून जाईन," आणि तो जायचा.

तिच्या शेजारी तुळसा बसायची. तुळसा म्हणजे मालनबाईची सून, सासूला ती आत्या म्हणायची. मुलगा टिकाराम काविळीनं गेला, लग्नाला धड दोन वर्षंही झाली नव्हती. लेकरू नव्हतं. तुळसाचा भाऊ लाखांदूरहून तिला न्यायला आला होता, पण ती गेली नाही. तेव्हापासून दोघी एकाच सुपावर काम करायच्या. मालनबाई पानं कापायची, तुळसा वळायची. मालनबाईची बोटं वातानं आखडली होती, त्यामुळे वळणं तिला जमत नव्हतं, पण कैची अशी चालायची की पान वाया जात नसे. "माझी कैची आन तुळसाचा हात," असं ती सगळ्यांना सांगायची. "जोडी हाये आमची. म्हणून तं छाट नाही निघत."

छाट म्हणजे नापास बिड्या. वळलेल्या बिड्या दर दोन-तीन दिवसांनी कारखान्यात द्यायच्या असतात. कारखाना नावाला, ठेकेदाराच्या घराची एक लांब पडवी. तिथे परसराम बिड्या तपासायला बसायचा. तोही आमच्यातलाच, शांत माणूस, पस्तिशीचा असेल. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, त्यानंतर त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. एरवी गरीब गाय, पण बिड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, हातात घेतला की दयामाया नाही. सैल बिडी दिसली की दोन बोटांत चिरडून टाकायचा. मागच्या गल्लीतल्या गिरजाबाईच्या तर मूठमूठ बिड्या जायच्या, आणि ती घरी येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मालनबाईच्या कट्ट्यातली मात्र एकही जात नसे.

तर सत्त्याऐंशीच्या सुमाराला रविवारी दुपारी एक परदेशी मालिका लागायला लागली. आनंदराव म्हणाले कोरियाची, शाळेचे गुरुजी म्हणाले चीनची. बायकांनी तिला चिन्यांची म्हणून टाकलं. बोलणं सगळं त्यांच्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून बायकांनी मला वाचायला बसवलं. मी एक ओळ जुळवेपर्यंत ती पळून जायची. शेवटी मालनबाईच म्हणाली, "तू चहा कर बाप्पा. मले नुसतं पाहूनच समजते."

पहिल्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं. मग पडद्यावर धानाची बांधी दिसली, गुडघाभर पाणी, आणि बायका वाकून धानाची रोवणी करताना. माझ्या घरात एकदम कल्ला. "अवो, ह्या तं आपल्यासारख्याच रोवून राहिल्या!" "पऱ्हं पाह्य, किती जवळ जवळ लावून राहिली." "मालकीण नसन बांधीवर." तिथून सगळ्या त्या मालिकेला चिकटल्या. काड्यांनी भात खातात ते त्यांनी माफ केलं.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं घर, घरात एक म्हातारी सासू आणि तिची तरुण विधवा सून. नदीवर एक नावाडी. नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्हीच ठेवली. सून ती धाकटी, सासू ती खाष्ट, आणि नावाडी तो डोंगेवाला. डोंगेवाल्याचं धाकटीवर मन आहे हे दुसऱ्याच रविवारी मालनबाईनं जाहीर केलं. ते तिला आवडलंही. "ह्या चिन्यायचं बरं हाये. नाचत नाही, गात नाही. कामात काम पाहून घेते." पण त्याची एक गोष्ट तिला सहन होत नसे. तो बोलायचा नाही. धाकटी डोंग्यात बसायची, उतरायची, हा वल्हं मारत पाण्याकडे पाहायचा. दर रविवारी मालनबाई टीव्हीसमोर हात नाचवायची, "अरे बोल ना, मुडद्या! बोलाले का तुले कोणाची परवानगी लागते? काहून बोलत नाही हा?"

एका रविवारी डोंगेवाला धाकटीच्या घराच्या छपरावर चढला. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं गवत सारखं केलं, गळका कोपरा शिवला, खाली उतरून हात धुतले आणि निघून गेला. मालनबाईनं कैची खाली ठेवली.

"झालं बाप्पा. आता काही राहिलं नाही समजाचं."

"कशावरून वो मावशी?" मी विचारलं.

"अवो, सख्खा भाऊ दहादा बोलावल्याशिवाय छपरावर चढत नाही. हा न बोलावता चढला. जो माणूस न सांगता तुयं छप्पर नीट करते, त्याचं मन तुया घरात हाये, समजून घेजो."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या, गिरजाबाईनं पदर तोंडात कोंबला. कारण त्याच उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या आधी सगळे छपरावरचे कवेलू फेरतात तेव्हा, परसराम मालनबाईच्या घरावर चढला होता. फुटलेली कवेलं काढली, चांगली नीट बसवली, दिवसभर उन्हात खपला. खालून कवेलं त्याच्या हातात देत होती तुळसा. हे आम्हाला कोणी सांगितलं? खुद्द मालनबाईनं. "भला माणूस. म्हातारीची कीव आली त्याले," असं म्हणत तिनं मोहल्लाभर त्याचं कौतुक केलं होतं, आणि त्याला कैरीचं पन्हं पाजलं होतं.

दुनियेची प्रेमं ओळखणारी बाई, आणि हिच्या डोक्यावरच्या कवेलूंवर माणूस चढला ते हिला कळलं नाही. मला हसू आलं, पण तुळसाची मान खाली गेली होती ती पाहून ते गिळलं.

पुढच्या काही रविवारांत मालिका चढत गेली. खाष्टीला संशय आला. एकदा धाकटी नदीवरून उशिरा परतली, तर खाष्टीनं दाराला आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसून राहिली. बाहेर पोरगी दार ठोकते आहे आणि आत ही डोळे मिटून बसली आहे. मालनबाई इतकी तापली की मांडीवरचं सूप कलंडायला आलं.

"तुया तोंडात माती पडो! पोरगा तुया मेला, त्यात त्या पोट्टीचा काय गुन्हा? तिनं का जन्मभर तुयं तोंड पाहत बसावं? अशा बाईले डोंग्यात बसवावं आन मधात नेऊन सोडून द्यावं!"

गिरजाबाईच्या त्या आठवड्यात पुष्कळ बिड्या छाटल्या गेल्या होत्या आणि ती आधीच परसरामवर खार खाऊन होती. ती कापता कापता म्हणाली, "डोंग्यात बसवशील तं बाजूले एक जागा ठेवजो, मालन. तुले बी बसा लागन."

"काय म्हणाली?"

"काय म्हणू? उन्हाळ्यात तुया घरावर कोण चढला होता? आमच्या मूठमूठ बिड्या चिरडते तो, आन तुया कट्ट्याले हात लावत नाही. काहून? तुया कैचीसाठी? सारा मोहल्ला पाहून राहिला, तू तेवढी टीव्ही पाह्य."

तुळसाच्या हातून दोऱ्याची रीळ सुटली आणि घरंगळत थेट टीव्हीच्या टेबलाखाली गेली. ती उचलायला कोणी उठलं नाही. मालनबाईनं तुळसाकडे पाहिलं. तुळसा सुपातल्या पानांकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मालनबाई उठली तशी तंबाखू माझ्या सारवलेल्या जमिनीवर सांडली. एरवी त्यावरून मी भांडले असते. ती निघून गेली, आणि तिच्यामागे तुळसा.

त्यानंतर रविवारी दोघी यायच्या बंद झाल्या. बाकीच्या बायका यायच्या, पण मजा गेली. धाकटी रडायची, तर ती का रडते हे सांगणारं कोणी नाही. मी खालची अक्षरं वाचून दाखवायची तर बायका म्हणायच्या, "ते राहू दे. मालन असती तं काय म्हणाली असती?" गिरजाबाईसुद्धा तोंड पाडून बसायची. खरं सांगायचं तर घर शांत झालं म्हणून मी खूश व्हायला पाहिजे होतं, आणि मला तिची इतकी आठवण येत होती की माझाच मला राग आला. शेवटी एक दिवस चहापत्ती मागायचं निमित्त करून मी तिच्याकडे गेले.

दोघी कामच करत होत्या, पण दोन सुपं होती. मालनबाई एका भिंतीला, तुळसा दुसऱ्या. मला पाहून मालनबाईनं तुळसाला पाण्याला पाठवलं आणि ती बाहेर पडताच माझ्यावर उखडली.

"तुले बी ठाऊक होतं?"

"सगळ्यायले ठाऊक होतं, मावशी."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कोणाले बोलू देता का?"

यावर ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती रडायला लागली. टिकारामच्या मातीलाही ही बाई सगळ्यांना धरून उभी होती, आणि आता पानं कापता कापता तिचं नाक गळत होतं.

"तिचा भाऊ न्याले आला तवा ती म्हणाली, आत्याले एकटं टाकून मी येत नाही. मी तवा एकदा बी नाही म्हणाली की जाय बाई. मले बरंच वाटलं. आता ती गेली तं मी कोणासंग बसू, चंद्रकला? पत्ता कापून कोणाच्या सुपात टाकू?"

मी तिचा हात धरला. तिनं तो झटकला, नाक पुसलं आणि पुन्हा आपल्या मूळ सुरावर आली.

"आन तो परसराम! मले वाटे आमचं काम चोख म्हणून छाट निघत नाही. आता समजलं. हा बाईसाठी डोळे मिटून घेत होता. आज हिच्यासाठी मिटले, उद्या दुसरीसाठी मिटन. अशा माणसाच्या हाती पोरगी कशी देऊ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं अर्धं मन द्यायला तयार आहे. ती फक्त त्या माणसाला पारखून पाहत होती. आणि पारखायचं कसं, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. माझ्यासमोर तिनं तुळसाचं सूप ओढलं आणि आखडलेल्या बोटांनी स्वतः बिड्या वळायला घेतल्या. वाकड्यातिकड्या, पोटात सैल, एक फुगलेली तर एक खपाटीला गेलेली. त्यांचा एक कट्टा बांधून तिनं तो तुळसाच्या कट्ट्यांच्या मधोमध, दिसणार नाही असा घातला.

"हा कट्टा त्यानं पास केला, तं समजाचं माणूस खोटा."

दुसऱ्या दिवशी तुळसाला घरी ठेवून ती कारखान्यात निघाली आणि मला सोबत ओढलं. पडवीत गिरजाबाईसकट दहा-बारा बायका रांगेत होत्या. परसरामनं मालनबाईची टोपली पुढ्यात घेतली. तुळसा दिसली नाही म्हणून त्यानं दरवाजाकडे एकदा पाहिलं, आणि मग कट्टे उचलायला लागला. पहिला कट्टा त्यानं बोटांवर फिरवून बाजूला ठेवला. दुसरा ठेवला. मधला हातात घेतला आणि थांबला. दोरा सोडून त्यानं बिड्या पसरल्या. एक उचलली, नाकाजवळ धरली, तोंडाची घडी पाहिली. मग त्याचा चेहरा एकदम उतरला.

"तुळसाबाईले बरं नाही का?"

मालनबाई म्हणाली, "काहून? तिले काय झालं?"

"ह्या त्यायच्या हातच्या नाही, मावशी. पत्ता तुमच्या कैचीचा हाये, पण वळल्या बी तुम्हीच. त्या बिडीचं तोंड बंद करते तवा शेवटची घडी आत दबते, वर येत नाही. आन गाठ अशी ओढते की दोरा पत्त्यात रुतत नाही." हे बोलताना त्यानं त्या बिड्या एकेक करून चिरडल्याही. "ह्या साऱ्या छाट. पण तुम्ही काहून वळल्या? ताप आला का त्यायले?"

"म्हणजे तिच्या तू छाटत नाही ते डोळे मिटून नाही?"

"त्यायच्यात छाटाले काही राहतच नाही." आणि मग पडवीतल्या सगळ्या बायका आपल्याकडे पाहत आहेत हे त्याला दिसलं. गेल्या पाच मिनिटांत आपण काय काय बोलून गेलो ते त्याला समजलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि जो कट्टा आधी पाहून झाला होता तोच पुन्हा मोजायला घेतला. गिरजाबाईनं मला कोपरानं ढोसलं. ती रडत होती की हसत होती, देव जाणे.

वाटेत मालनबाई बुद्धविहाराजवळ आल्यावर म्हणाली, "टिकाराम माया पोटचा होता. पण तिच्या हातची बिडी कोणती, हे त्याले बी नसतं सांगता आलं." आणि मग चिडून, "पण हा बी मुडदा बोलला तं बिडीवरच बोलला!"

घरी जाऊन तिनं तुळसाला विचारलं असणार. काय झालं ते मला नंतर कळलं. तुळसा म्हणाली, "तुम्ही म्हणान तसं, आत्या." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मालनबाई चार दिवस धुसफुसत राहिली.

रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. बायका लवकरच जमल्या आणि चित्र हलू नये म्हणून आनंदराव अँटेनाचा बांबू धरून बाहेर उभे राहिले. एवढ्यात दारात मालनबाई आणि मागे तुळसा. सूप एकच. बायका सरकल्या, भिंतीजवळची तिची जागा मोकळी झाली. गिरजाबाईनं टेबलाखाली गेलेली दोऱ्याची रीळ इतके दिवस जपून ठेवली होती, ती तुळसाच्या सुपात टाकली. मालनबाईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शेवटच्या भागात डोंगेवाला गाव सोडून निघाला. धाकटी काठावर आली. दोघं बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिली. आता बोलेल, मग बोलेल. त्यानं वल्हं उचललं. डोंगा निघाला, लहान झाला, आणि धाकटी तिथेच उभी. लांबून खाष्टीच्या घराचं छप्पर दिसलं. मग अक्षरं आली. बायका हुंदके द्यायला लागल्या, गिरजाबाईनं तर मोठ्यानं गळा काढला. मालनबाईच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

"काय लिहून आलं?" तिनं मला विचारलं.

"संपली."

"बोललाच नाही?"

"नाही."

"आन ती?"

"तीही नाही."

"तं हे काय दाखवणं झालं?" मालनबाईचा आवाज चढला. "इतके रविवार बसून पाहिलं ते ह्यासाठी? त्याच्या तोंडाले कुलूप होतं, तं तिले बोलाले काय झालं होतं? आन बाया काय रडून राहिल्या! रडाची गोष्ट नाही ही, चीड येवाची गोष्ट हाये." ती तुळसाकडे वळली. "तू सांग. ह्या साऱ्यायच्या समोर सांग. तुले परसराम पायजे का नाही? 'तुम्ही म्हणान तसं' म्हणशील तं ह्याच सुपानं हाणीन."

तुळसानं हातातली बिडी पुरी केली. घडी आत दाबली, दोऱ्याची गाठ मारली, बिडी सुपात ठेवली.

"पायजे," ती म्हणाली.

मी तुळसाला इतकी वर्षं पाहत होते, पण तिनं आपल्यासाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाली, "पण तुम्ही कोणासंग बसान, आत्या?"

"ह्या एवढ्या बाया काय मेल्या?" मालनबाई ओरडली, आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. "गिरजा, तू त्याच गल्लीनं जातेस. परसरामले सांगजो, मागणं घालाले ये. लाखांदूरले तिच्या भावाकडे जाऊ नको म्हणा. माया दारात ये. आन आला तं तोंडानं बोल म्हणा, बिडीवर नाही."

तो आला, आणि बोलला. चार वाक्यं बोलला असेल, पण मालनबाईनं ती पुढे कित्येक महिने सगळ्यांना ऐकवली.

लग्न विहारात झालं. पांढरं लुगडं नेसून तुळसा बसली होती, तिचा भाऊ लाखांदूरहून आला होता. पंचशील सुरू करायच्या आधी बौद्धाचार्यांनी लोकांना नीट बसायला सांगितलं, मुलाकडचे उजवीकडे, मुलीकडचे डावीकडे. सगळे बसले आणि मालनबाई दाराशी उभी राहिली. बायका कुजबुजायला लागल्या. आधीच्या नवऱ्याची आई, तिनं बसायचं तरी कुठे? परसरामकडची ती नव्हतीच, आणि मुलीकडची म्हणावं तर सासू. कोणीतरी भल्या मनानं मागे तिच्यासाठी सतरंजीचा कोपरा मोकळा केला. ती तिकडे गेली नाही. ती सरळ पुढे चालत आली.

"बाई, तुम्ही कोणाकडच्या?" बौद्धाचार्यांनी विचारलं. ते भंडाऱ्याहून आले होते, त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी पोरीकडची," मालनबाई म्हणाली. "पोरीची माय."

तुळसाचा भाऊ बाजूला सरकला, आणि ती तुळसाजवळ जाऊन बसली.